उंची, वजन आणि पुढे काय?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप येतो. ‘सर्व पालकांनी आपल्या पाल्याची उंची (सेंमी), वजन (किलो) व रक्तगट आज सायंकाळपर्यंत कळवावा. यू-डायसवर माहिती भरायची आहे.’ मग मुंबईतल्या मुलुंडच्या घराघरांत धांदल उडते. कुणी पोराला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने रेघ मारतं. कुणी गावाला जाताना बॅगा तोलायला आणलेला काटा शोधून काढतं. बरेचजण गेल्या वर्षीच्या आकड्यात दोन किलो मिळवून मोकळे होतात. वर्गशिक्षिका पन्नास-साठ मुलांचे हे आकडे रात्री बसून केंद्र सरकारच्या पोर्टलवर चढवतात. सत्र संपलं की प्रगतिपुस्तक घरी येतं. त्यात गुणांच्या किंवा श्रेणींच्या शेजारी दोन बारीक चौकटी असतात, उंची आणि वजन. अनेकदा त्यांत तोच आकडा असतो. पालकांनी शाळेला कळवलेलं वजन शाळा पालकांना सही-शिक्क्यानिशी परत कळवते, आणि पालक त्याखाली सही करतात.

मुलांच्या वजनाबद्दल शाळेने पालकांना कळवावं की नाही, यावर जगभर वाद झडतात. आपल्याकडे हा वाद फारसा होत नाही, कारण कागदोपत्री आपण कधीचेच कळवत आलो आहोत. कळवल्यावर पुढे काय होतं, हे मात्र कुणी पाहत नाही.

बडोद्यापासून पालघरपर्यंत

शाळेत डॉक्टर येऊन मुलं तपासतात ही आपल्याकडची प्रथा चांगली शंभर वर्षांवर जुनी आहे. हिंदुस्थानातली पहिली शालेय वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली. गादीवर तेव्हा सयाजीराव गायकवाड होते. त्यांनी आपल्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधीच लागू केलं होतं. मूल शाळेत आणायची जबाबदारी राज्याने घेतली, की ते शिकण्याइतकं धडधाकट आहे का, हे पाहणंही ओघाने आलंच. इंग्लंडमध्ये दोन वर्षं आधी, १९०७ साली, कायद्याने शाळातपासणी सुरू झाली होती. तिथलं कारण वेगळं होतं. बोअर युद्धाच्या भरतीत इतके तरुण नापास झाले की सरकार हादरलं, आणि त्यातून शाळेतल्या मुलांच्या अंगाकडे लक्ष गेलं.

पुढे १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा लेखाजोखा मांडला, तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळपास नाहीच, असा शेरा दिला. १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. या सगळ्या काळात वजनकाट्याला एकच भीती ठाऊक होती, उपासमारीची. काटा किती कमी दाखवतो, एवढंच बघायचं होतं.

आज चालू असलेली मोठी योजना म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तिची सुरुवात महाराष्ट्रातच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला, फेब्रुवारी २०१३मध्ये झाली. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडी घेऊन निघतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा जायचं, वजन-उंची मोजायची, डोळे, दात, कान, त्वचा, छाती तपासायची आणि काही आढळलं तर पुढच्या रुग्णालयात पाठवायचं, असं त्यांचं काम. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब अशा चार गटांत मिळून ३० दुखणी मूळ यादीत होती. तीव्र कुपोषण त्यात होतं, लठ्ठपणा नव्हता.

या योजनेची खरी ताकद हृदयाच्या आजारात दिसते. एखाद्या मुलाच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला की चिठ्ठी लिहिली जाते. चिठ्ठीवर रुग्णालयाचं नाव असतं, आणि शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून होतो. आईबापांना धक्का बसतो, पण उद्या सकाळी कुठे जायचं हे त्यांना माहीत असतं. फेब्रुवारी २०२३मध्ये राज्याने ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ हे अभियान काढलं तेव्हा १८ वर्षांपर्यंतची सगळीच मुलं तपासायची ठरली. पालकांचं नाव थेट अभियानाच्या नावातच आलं. जागरूक झालेल्या पालकाने वजनाचा आकडा घेऊन कोणाकडे जायचं, हा प्रश्न मात्र राहिलाच.

डोळ्यांची चिठ्ठी आणि वजनाची चिठ्ठी

शाळेतून घरी जाणाऱ्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा. पहिलीत लिहिलंय, ‘फळ्यावरचं नीट दिसत नाही, डोळे तपासून घ्यावेत.’ मुलुंडमध्ये ही चिठ्ठी आठवडाभरात मार्गी लागते. चष्म्याचं दुकान रस्त्यावरच असतं, तपासणीला अर्धा तास लागतो, पोरगं नव्या फ्रेममध्ये मिरवतं. घरात कुणी कुणाला दोष देत नाही. फार तर ‘मोबाइल बघून बघून’ एवढं एक वाक्य होतं.

दुसरीत लिहिलंय, ‘वजन वयाच्या मानाने जास्त आहे, काळजी घ्यावी.’ ही चिठ्ठी आली की पहिला सवाल आईला होतो, ‘डब्यात काय देतेस?’ आजी म्हणते, ‘खात्यापित्या घरचं पोर आहे, नजर लावू नका.’ बाप म्हणतो, ‘आमच्याकडे सगळेच हाडापेराने मोठे.’ चिठ्ठी उलट दिशेची असली, म्हणजे वजन कमी असलं, तरी उत्तर तयार असतं, ‘खातो हो, पण अंगाला लागत नाही.’ दोन्ही चिठ्ठ्या शेवटी कपाटाच्या एकाच कप्प्यात जातात.

डोळ्यांचा नंबर हा डोळ्यांबद्दलचा निरोप असतो. वजनाचा आकडा स्वयंपाकघराबद्दल, कमाईबद्दल, आईच्या नोकरीबद्दल, सासर-माहेरच्या अंगकाठीबद्दल बोलतो, निदान घरात तो तसाच वाचला जातो. शिवाय त्यावर ‘काळजी घ्यावी’ यापलीकडे पत्ता नसतो. कुणाला भेटायचं, काय मोजायचं, किती दिवसांनी परत यायचं, काहीच नाही. पत्ता नसलेला निरोप ठपक्यासारखा वाटतो, आणि ठपका आला की माणूस सफाई देतो.

एकाच उपनगरातली दोन टोकं

मुलुंडपुरतं बोलायचं तर दोन्ही चिठ्ठ्यांची गरज असलेली मुलं एकमेकांपासून फार लांब राहत नाहीत. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला टेकलेल्या अमर नगर-खिंडीपाड्याच्या चढावर दाटीवाटीची घरं आहेत. तिथून खाली उतरलं की लालबहादूर शास्त्री मार्गालगत कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आहेत. पूर्वेला नवघर, गव्हाणपाडा, मिठागर रोड इथे जुन्या सोसायट्या आणि त्यांच्या पुनर्विकासातून झालेल्या उंच इमारती, आणि मधूनमधून चाळी. वरच्या मुलाला जिना नि चढ रोजचा, पण ताटात डाळ पातळ. खालच्या मुलाला लिफ्ट, शाळेची बस आणि संध्याकाळी दोन क्लास.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के वजनाने कमी आढळली. त्याच वयोगटात जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. खालचं टोक जागेवरून फारसं हललं नाही आणि वरचं टोक दुपटीहून वाढलं. शाळकरी वयाचं चित्र २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मिळतं. देशातल्या ५ ते ९ वयाच्या मुलांपैकी २३ टक्के अतिबारीक आणि ४ टक्के जास्त वजनाची होती, तर २४ टक्के मुलांना रक्तक्षय होता. जगाचा काटा एव्हाना पार दुसरीकडे झुकलाय. युनिसेफच्या सप्टेंबर २०२५च्या अहवालानुसार ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पहिल्यांदाच जास्त झालं, ९.४ टक्के विरुद्ध ९.२.

म्हणजे मुलुंडच्या एखाद्या अनुदानित शाळेत एकाच बाकावर दोन वेगळ्या चिठ्ठ्यांचे मानकरी बसलेले असू शकतात, आणि दोघांनाही रक्तक्षय असू शकतो. वजनकाटा रक्तक्षय सांगत नाही.

आकडा काय सांगतो, काय लपवतो

वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. मोठ्यांसाठी हा हिशेब सरळ आहे, मुलांसाठी नाही. दहा वर्षांचा एक मुलगा घ्या, उंची १४० सेंमी, वजन ४४ किलो. बीएमआय आला २२.४. मोठ्या माणसाचा असता तर डॉक्टर ‘छान’ म्हणाले असते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलासाठी लठ्ठपणाची रेषा २१.४ला आहे, म्हणून हा मुलगा लठ्ठ ठरला. त्याच उंची-वजनाची मुलगी असती तर तिची रेषा २२.६ला, म्हणजे ती जास्त वजनाची, पण लठ्ठ नव्हे. बुटासह मोजलं, टाचा भिंतीला टेकल्या नाहीत आणि उंची एक-दोन सेंमी चुकली, तर तिचा गटही बदलतो. घाईत मोजलेल्या किंवा पालकांनी अंदाजाने पाठवलेल्या आकड्यावर एखाद्या मुलाचा शिक्का ठरवणं किती अवघड आहे, हे यावरून कळावं.

आपल्या मुलांसाठीचे तक्तेही वेगळे हवेत, हे महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांनी लावून धरलं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वयोगटासाठी २०१५ साली नवे वाढीचे तक्ते काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. या तक्त्यांत जास्त वजन आणि लठ्ठपणाच्या रेषा आशियाई मोठ्यांच्या २३ आणि २७ या बीएमआयला जुळवून घेतल्या आहेत, कारण आपल्या लोकांत मधुमेहाचा धोका कमी वजनालाच सुरू होतो.

त्यामागचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडतं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा त्यांचा अभ्यास १९९३पासून चालू आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याच्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय तोच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. दिसायला सडसडीत माणूसही आतून जाड असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला पटवलं.

म्हणून एका दिवशीच्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षांची रेघ जास्त बोलते. आपल्या रेघेवर संथ वाढणारं मूल, थोडं वर असो की थोडं खाली, बहुतेक वेळा ठीक असतं. सहा महिन्यांत रेघ सोडून वर उसळलेलं किंवा खाली घसरलेलं मूल डॉक्टरला दाखवायला हवं. वयात येताना मुलींचं वजन वाढतं, आणि ते वाढायलाच हवं. पहिलीपासून दहावीपर्यंतची प्रगतिपुस्तकं मांडली तर ही रेघ शाळेला फुकट मिळते. पण दरवर्षी नवं पुस्तक येतं आणि जुनं रद्दीत जातं.

ज्यांनी पत्रं पाठवली त्यांचा अनुभव

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने २००३ साली कायदाच केला. प्रत्येक मुलाचा बीएमआय शाळेने मोजायचा आणि घरी कळवायचा. चार वर्षांनी तो सैल झाला. दरवर्षीऐवजी एक वर्ग सोडून मोजमाप सुरू झालं आणि नको असेल तर पालकांना लेखी नकार देता येऊ लागला. पुढे कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांत नीट प्रयोग झाला. काही शाळांनी मोजून घरी कळवलं, काहींनी नुसतं मोजलं, काहींनी काहीच केलं नाही. २०२०च्या अखेरीस निष्कर्ष आले. घरी कळवल्याने मुलांच्या वजनात फरक पडला नाही. उलट जिथे शाळेत मोजमाप झालं तिथे स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी थोडी वाढली.

सिंगापूरने १९९२ साली दुसरं टोक गाठलं. जास्त वजनाच्या मुलांना शाळेतच वेगळं काढून जादा व्यायाम करायला लावला. लठ्ठपणा घटला खरा, पण ती मुलं सगळ्यांच्या नजरेत आली आणि त्यांची टिंगल झाली. २००७ साली योजना बंद करून सगळ्याच मुलांसाठीचा कार्यक्रम आणावा लागला.

यातून ‘कळवूच नका’ असा अर्थ काढण्याची घाई नको. नुसतं पत्र पाठवून भागत नाही, आणि मोजण्याची रीत चुकली तर मूल दुखावतं, एवढं मात्र पक्कं. आपल्या शाळांतलं वजनाचं चित्र आठवा. काटा वर्गाच्या दारात. मुलं रांगेत. बाई आकडा मोठ्याने सांगतात, मॉनिटर वहीत लिहितो. ‘बावन्न!’ एवढं ऐकू आलं की वर्गात खसखस पिकते, आणि पुढच्या रांगेतल्या मुलाला दहावीपर्यंत पुरेल असं नाव मिळतं. लुकड्याचंही तसंच. आजाराची माहिती डॉक्टर जितक्या जपून देतो तितक्याच जपून वजन सांगावं, हे अजून आपल्या शाळांच्या अंगवळणी पडलेलं नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्यांची माहिती हाताळताना पालकांची संमती मागितली आहे. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर वजन मागवणाऱ्या शाळांनी त्या कायद्याचं वारं तरी लागू द्यावं.

शाळेचं स्वतःचं वजन

घरी चिठ्ठी पाठवणाऱ्या शाळेला पालकांनीही एक चिठ्ठी पाठवायला हरकत नाही. मूल जागेपणीचा निम्मा दिवस शाळेत, बसमध्ये आणि क्लासमध्ये काढतं. मग त्याच्या वजनाचा सगळा हिशेब डब्यावरच का?

पहिली बाब उपाहारगृहाची. मे २०१७मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर यांवर बंदी घातली आणि इडली, खीर, पपई, अंडी, नारळपाणी अशा पदार्थांची शिफारस केली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि तेलाचे पदार्थ मुलांना विकायला मनाई केली. आता मुलुंडमधल्या कोणत्याही शाळेच्या फाटकातून ५० मीटर चालून बघा. स्टेशनरीच्या दुकानात पेन्सिलींच्या वर पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकताना दिसतील. मग वडापावची गाडी, मग बेकरी. नियम कागदावर राहिला आणि माळ दारात राहिली. मे २०२५मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. मिठागर रोडवर महापालिकेची सीबीएसई अभ्यासक्रमाची शाळा आहे, म्हणजे असा फलक फक्त महागड्या शाळांचा मक्ता नाही. कोणत्या पेयात किती चमचे साखर, हे एकदा मुलांना कळलं की ती घरी येऊन मोठ्यांनाच पकडतात.

दुसरी बाब मैदानाची. ५ ते १७ वयाच्या मुलाने रोज सरासरी तासभर घाम गाळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या वेळापत्रकात पी.टी.चे तास आठवड्याला जेमतेम दोन-तीन, आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई तेही मागून घेतात. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत खेळाचं मैदान आहे. प्रत्यक्षात पार्किंगच्या दोन रांगांमधल्या जागेला बऱ्याच शाळा मैदान म्हणतात. पूर्वेला संभाजी मैदान आहे, पश्चिमेला प्रियदर्शिनी क्रीडासंकुल आहे. शाळांनी आठवड्यातला एक दिवस तिथला ठरवून घेतला तरी पुष्कळ होईल.

तिसरी बाब दप्तराची. २१ जुलै २०१५च्या शासन निर्णयानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. २५ किलोच्या मुलाला अडीच किलोचं दप्तर. हा नियम पाळायचा तर शाळेला आधी प्रत्येक मुलाचं खरं वजन माहीत हवं! उंची-वजनाच्या चौकटीचा एवढा सरळ उपयोग समोर असताना किती शाळा तो आकडा घेऊन दप्तराजवळ जातात?

पत्र कसं असावं

मग शाळेने घरी काय कळवावं? एक पान पुरे. त्यावर गेल्या तीन वर्षांची उंची आणि वजन, बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तक्त्यावर मांडलेली रेघ, आणि खाली एक ओळ, ‘रेघ सरळ आहे’ किंवा ‘रेघ हलली आहे, दाखवून घ्यावं’. दाखवायचं कुठे, तेही त्याच ओळीत. महापालिकेच्या रुग्णालयाचा दिवस आणि वेळ, उदाहरणार्थ पूर्वेचं वीर सावरकर रुग्णालय. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्यायची सूचना सगळ्यांना, बारीक मुलांनाही आणि जाड मुलांनाही. पान सगळ्या मुलांच्या हाती सारख्याच बंद पाकिटात जावं. म्हणजे कुणाला पाकीट मिळालं, यावरून कुणाचं पितळ उघडं पडणार नाही. मुलाचं वजन पडद्याआड, एकेकाचं, आणि आकडा फक्त त्याच्या कानावर. पाकिटासोबत शाळेने आपला हिशेब द्यावा. या सत्रात पी.टी.चे किती तास झाले, उपाहारगृहात काय विकलं, फाटकाबाहेरच्या विक्रीबद्दल महापालिकेच्या टी विभाग कार्यालयाला पत्र दिलं का.

यासाठी नवा कायदा नको, वेगळा निधीही नको. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. सहलीचं ठिकाण आणि स्नेहसंमेलनाची वर्गणी यांवर तिथे तासन्‌तास चर्चा होते. दिवाळीची सुट्टी संपली की पुढची सभा लागेल. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाच्या शेजारी ‘पुढे काय’ अशी तिसरी चौकट घाला, आणि ती भरायची जबाबदारी शाळेने आणि पालकाने मिळून घ्यावी, एवढा एकच ठराव त्या सभेत मांडायचा. सूचक आणि अनुमोदक दोघंही पालकांतूनच मिळतील.